रविवारी वही घेऊन बस

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर, आपल्याकडच्या मास्तरकीतून "तू सुटलास बाबा" म्हणालीस आणि इकडं माझ्या शाळेची घंटा झाली. फोन ठेवला, पण ते शब्द दिवसभर डोक्यात घोळत राहिले. समोरासमोर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

इथं अमेरिकेत, ॲरिझोनाच्या सरकारी शाळेत माझे रोज पाच तास. गणित, सातवीचं. प्रत्येक वर्गात अठ्ठावीस-तीस पोरं. मधे एक तास तयारीसाठी मोकळा असतो म्हणतात. पण कुणी शिक्षक रजेवर गेला आणि बदली माणूस मिळाला नाही, की तो तासही माझ्याच गळ्यात. जेवायला अर्धा तास. शिक्षक-खोलीत चहाचं पातेलं नाही आणि चकाट्या पिटायला कुणी नाही. सकाळी वर्गाच्या दारात उभं राहून येणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचं, हीसुद्धा ड्यूटीच.

पहिलं वर्ष वाईट गेलं. माझ्या उच्चारांची नक्कल व्हायची. एका पोराला बाहेर उभं केलं तर ऑफिसनं मलाच बोलावून समज दिली. त्या दिवशी गाडीत बसून बराच वेळ किल्लीच लावली नाही. हे आईला सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र इथली घेण्यासारखी. ज्या पोराला शिकायला अडचण आहे, त्याच्यासाठी 'आयईपी' नावाचा लेखी आराखडा असतो. 1975 सालच्या कायद्यापासून तो त्या पोराचा हक्क आहे. कुणाला जादा वेळ, कुणाला कॅल्क्युलेटर, कुणाला प्रश्न वाचून दाखवायचा. माझ्या एका वर्गात अशी सहाजणं आहेत. आराखड्यात लिहिलंय ते मी दिलं नाही तर जाब मला द्यावा लागतो. कागद भरता भरता जीव मेटाकुटीला येतो, पण शेजारी त्यासाठी शिकलेली एक बाई असते. तुझ्याकडं पाढे पाठ न होणारी ती तिसरीतली पोरगी आहे ना, तिचं सगळं तू एकटीच बघतेस. कागदावर तिचं नावसुद्धा नाही.

आता कुलपाची गोष्ट. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर काय करायचं, याची इथं रंगीत तालीम असते. दार आतून बंद, दिवे बंद, सगळे दारापासून लांबच्या कोपऱ्यात, आवाज नाही. मागच्या आठवड्यात अंधारात एका पोरानं माझी बाही धरली आणि कुजबुजत विचारलं, "सर, खरंच आला तर तुम्ही कुठं उभे राहणार?" काही बोललो नाही. सरकून दाराच्या बाजूला जाऊन बसलो, एवढंच. मला 2019 चा पूर आठवला. तेव्हा आपल्याकडं शाळेची दारं उघडून माणसं आत घेतली होती, वर्गात चटया आणि दुधाच्या पिशव्या. इथं शाळा वाचवायची म्हणजे आधी दार लावायचं.

बरं, तुझं ऐक. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, त्यात मुख्याध्यापकाचा चार्ज तुझ्याकडं. तांदळाचा हिशेब, खिचडीचा फोटो, लिंक भरा, परत भरा. शिक्षण हक्क कायदा जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला नको म्हणतो, पण या तिघांतच तुझं अर्धं वर्ष जातं. शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना रुपया दंड होता. मास्तराला वर्गातून उठवणाऱ्यालाही ठेवला असता तर बरं झालं असतं.

आणि आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नोकरीत असलेल्यांनीही ती पास व्हायची, या 1 सप्टेंबर 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर तू चिडलीस, ते मला पटतं. वीस वर्षं शिकवलेल्या बाईला पात्रता सिद्ध कर म्हटलं की ते मनाला लागतंच. पण निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांना सूट नाही, आणि तुझी अकरा आहेत. "नोकरी सोडते" म्हणू नकोस. मलासुद्धा इथं बोटांचे ठसे देऊन परवाना काढावा लागला, डिग्री तपासून घ्यावी लागली, आणि तरी माझा व्हिसा तीन वर्षांचाच. वाढला तर फार तर दोन. मग मीच येणार कोल्हापूरला, अर्ज घेऊन.

दीडशे प्रश्न, दीडशे मार्क, नव्वद पाहिजेत. मराठी आणि बालमानसशास्त्रात तुला कोण हरवणार? भीती गणिताच्या तीस मार्कांची आहे, आणि ते माझं काम. रविवारी तुझे रात्रीचे साडेआठ म्हणजे इथं सकाळचे आठ. भांडी भावजींना घासू दे. अपूर्णांकापासून सुरू करू. मोबाइलवर नको, वही घेऊन बस, आणि चुकलेलं खोडू नकोस, मला बघायचंय.

आण्णांना, आईला नमस्कार. कुणी येणारं असेल तर कांदा-लसूण चटणी पाठव, डबा पक्का बंद करून. मागच्या वेळी बॅगेतले सगळे शर्ट लाल झाले होते.

तुझा,
धाकटा