स्टोव्हची पिन

पुणे, रविवार

प्रिय वसंता,

स. न. वि. वि.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिले नाही, त्याबद्दल ज्या काही शिव्या घालायच्या असतील त्या आधी घालून घे आणि मग पुढे वाच. प्रकृती ठीक आहे, साखर आहे तिथेच आहे.

गेल्या शनिवारी नातवाने ‘द लाइव्हज ऑफ अदर्स’ हा २००६ सालचा जर्मन चित्रपट लावला. खाली पळणारी अक्षरे वाचता यावीत म्हणून मी खुर्ची टीव्हीला इतकी चिकटवली, की सूनबाईंनी मला चष्म्याच्या दुकानाचा पत्ताच लिहून दिला. गोष्ट १९८४ च्या पूर्व बर्लिनमधली आहे. श्टाझी ही तिथल्या सरकारची गुप्त पोलीस यंत्रणा. सुमारे १ कोटी ६० लाख वस्तीच्या देशात शेवटी शेवटी तिचे सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते आणि खबरे त्यांच्या दुप्पट. तिचा एक कॅप्टन, वीस्लर, एका नाटककाराच्या घरात चोरून यंत्रे बसवतो, माळ्यावर कानाला हेडफोन लावून त्याचा संसार ऐकतो आणि ऐकता ऐकता त्याच्याच बाजूचा होऊन खोटे अहवाल लिहू लागतो. उल्‌रिख म्यूह या नटाने ते काम असे केले आहे, की दोन तासांत त्याच्या चेहऱ्यावरची फार तर चार रेषा हलल्या असतील. तो स्वतः पूर्व जर्मनीतला होता. (तुला हा चित्रपट संथ वाटेल, हे मला ठाऊक आहे. प्रभात रोडवरचे ते भांडण मी पुन्हा काढत नाही.)

पण वसंता, मी वीस्लरपाशी थांबलोच नाही. यंत्रे बसवून माणसे बाहेर पडत असताना समोरच्या दाराच्या भिंगातून शेजारीण बघत असते. वीस्लर तिच्या दारावर थाप मारतो आणि सांगतो, की एक शब्द जरी बाहेर गेला तरी तुमच्या मुलीची, माशाची, मेडिकलची जागा गेली म्हणून समजा. मग सहकाऱ्याला म्हणतो, या बाईंना सहकार्याबद्दल भेट पाठवा. पुढे एकदा तोच नाटककार तिला टाय बांधून द्यायला बोलावतो, कारण त्याला तो बांधता येत नाही. ती बांधून देते. त्याच्या गळ्यापाशी तिचे हात असतात, आणि ती काहीच बोलत नाही.

ऑक्टोबर १९७५, आणीबाणीचे दिवस. तुझ्या खोलीच्या कुलपाशी साध्या कपड्यांतला एक माणूस उभा होता आणि मी कॉमन नळावरून बादली घेऊन येत होतो. त्याने मला काहीही विचारले नाही, धमकावलेही नाही. एवढेच म्हणाला, “बँकेत लागताय ना? व्हेरिफिकेशन आमच्याकडेच येईल.” त्या संध्याकाळी तू स्टोव्हची पिन मागायला आलास. तुझ्या बोटांना प्रती काढायच्या सायक्लोस्टाइलची काळी शाई होती आणि तू माझ्या पांढऱ्या चेहऱ्यावरून माझ्या लग्नाचा विनोद केलास. मी पिन दिली. पुढचे पाच दिवस रोज आपण एकत्र जेवलो. सहाव्या दिवशी ते आले. तू मिसा कायद्याखाली अकरा महिने आत राहिलास, आणि माझे नेमणुकीचे पत्र वेळेवर आले.

आदल्या दिवशी कागदाची रिमे घेऊन दिघे आला होता, म्हणून खबर दिघ्यानेच दिली असे तू धरलेस. तुझ्या लग्नाचे त्याला बोलावणे नव्हते. मी पहिल्या पंगतीत बसून जिलबी खाल्ली. तुझी समजूत पक्की करण्यासाठी मी कधी काही बोललो नाही, असे आजवर स्वतःला सांगत आलो. ती मोडण्यासाठीही बोललो नाही, हे मात्र सोडून देत आलो.

चित्रपट संपल्यावर नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही तिथे असता तर तुम्हीही वीस्लरसारखेच केले असते.” मी पाणी प्यायला उठलो. बर्लिनमधल्या होहेनशॉनहाउझेन तुरुंगाच्या स्मारकाचे तेव्हाचे संचालक हुबेर्टुस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणाला परवानगीच दिली नव्हती, कारण असा अधिकारी श्टाझीत कधी झालाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेजारणीबद्दल तक्रार केल्याचे मात्र मी कुठे वाचले नाही.

१९९२ च्या जानेवारीत तिथल्या लोकांना आपापल्या फायली बघायला मिळू लागल्या. एकावर एक न ठेवता ओळीने लावल्या तर १११ किलोमीटर भरतील एवढे कागद आहेत. चित्रपटातला नाटककारही तसाच वाचनालयात बसून आपली फाइल वाचतो आणि शेवटच्या पानावर त्याला लाल शाईचा एक ठसा दिसतो. तुझी फाइल कुणी तुझ्यापुढे आणून ठेवणार नाही. आणि ठेवली, तरी बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे नाव तिच्यात कशाला असेल? म्हणून हे पत्र.

तुझ्या सूनबाईंचे ऑपरेशन नीट झाले ना? धाकट्याचे नाशिकचे जमले का? गुडघ्याला तेल लाव, नुसते औषधावर विसंबू नकोस.

दिघे डोंबिवलीला मुलाकडे असतो. पत्ता मी मिळवला आहे. त्याला आधी मी लिहू की तू, एवढे कळव. मला उत्तर लिहिण्याची तुझी इच्छा नसेल, तर त्यालाच परस्पर लिही.

तुझा,
मधू