अण्णांच्या हातात दिलेला तो चिरलेला पाइप

आदरणीय दादा,

आमच्या लाँचचं इंजिन दुरुस्त करून निघताना तुम्ही "आभार-बिभार काही नको, पोरी" म्हणालात आणि गाडीला किक मारलीत. मी गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. आज आठ दिवस झाले, तरी तो रविवार डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून हे लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाचलंत की कळेलच कोणाला लिहिलंय ते.

इतरांसाठी थोडं सांगते. आमचं गाव वेल्ह्यात, पानशेतच्या पाण्यापलीकडे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, ही गोष्ट पुण्यातल्या जुन्या घरांमधून अजून सांगतात. धरणाच्या पोटात ज्यांची शेतं गेली आणि जे डोंगराच्या कडेला वर सरकले, त्यांचं पुढे काय झालं ते फारसं कोणी विचारत नाही. आम्ही त्यांतले. रस्त्याने यायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा पडतो, लाँचने अर्धा तास. माझे वडील, अण्णा, तीस वर्षं ही लाँच चालवतात. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, खताच्या गोणी, अवघडलेल्या बायका, सगळं त्यांनी त्या पाण्यावरून सुखरूप नेलंय. मी लग्न होऊन पुण्यात धायरीला आले, पण माझा जीव त्या लाँचमध्येच असतो.

चैत्रापासून इंजिन तापत होतं. लाँचचं इंजिन धरणाच्याच पाण्यावर थंड होतं. पंप तळातून पाणी ओढतो, ते इंजिनातून फिरतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. ती मागची धार म्हणजे इंजिनाची नाडी. अण्णा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, "हळू चालवलं की धार नीट पडते. रेस वाढवली की बारीक होते. रेस कमी केली की परत येते." एवढं स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी. पण ते इंजिनकडे पाहायला आलेल्या कोणाच्याही कानात शिरलं नाही.

पहिला आला, त्याने इम्पेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा, बदलला. दुसऱ्याने हेड खोलून गॅस्केट बदललं आणि अकरा हजार घेतले. दोन फेऱ्यांत इंजिन पुन्हा तापलं. तिसऱ्याने तर इंजिनाला हातही लावला नाही. अण्णा समोर उभे असताना माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हातारा इंजिन रगडतो हो. ड्रायव्हर बदला." त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. पैसे गेल्याचं मला काही वाटत नाही, दादा. पण ते वाक्य मी विसरणार नाही. तीस वर्षं त्या इंजिनाच्या आवाजावर जगलेल्या माणसाला त्याने त्याच्याच लाँचवर उभं राहून चोर ठरवलं.

मग श्रावणात, धरण भरलेलं, वारा उलटा, आणि लाँच मधोमध बंद पडली. आत नऊ माणसं, त्यांत दोन शाळकरी पोरी. अण्णा आणि माझा चुलतभाऊ वल्ही मारत काठाला आले, तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवसापासून लाँच खुंट्याला. मी पुण्यात वणवण केली. एका मोठ्या दुकानात म्हणाले, "बोटीचं काम? पुण्यात समुद्र कधी आला?" आणि सगळे हसले. पुण्याच्या नळाला येणारं पाणी ज्या धरणांतून येतं, त्याच पाण्यावरच्या लाँचबद्दल मी बोलत होते.

तुम्ही आमच्या सोसायटीचा जनरेटर दुरुस्त करायला आला होतात. पार्किंगमध्ये, हात पुसत. मी आशा सोडूनच विचारलं होतं. तुम्ही इंजिन कोणतं, किती जुनं, असं काही विचारलं नाहीत. पहिला प्रश्न केलात, "चालवतं कोण?" वडील, म्हटल्यावर म्हणालात, "मग मला त्यांच्याशीच बोलू द्या." उलट्या बादलीवर बसून तुम्ही अण्णांशी फोनवर वीस मिनिटं बोललात, खरं तर ऐकलंत. शेवटी त्यांना सुतळी घ्यायला लावलीत, पाइपाच्या तोंडाला गुंडाळून माप सांगायला. आणि म्हणालात, "रविवारी येतो."

रविवारी तुम्ही बोहरी आळीतून तारेचा सक्शन पाइप, म्हणजे पंपाकडे पाणी ओढून नेणारा, आत तारेचं वेटोळं असलेला पाइप, आणि क्लिपा घेऊनच आलात. फोनवरच तुम्हाला उमगलं होतं. तळाचा व्हॉल्व्ह बंद केलात, जुनी क्लिप सोडवायला गेलात तर ती बिस्किटासारखी हातात तुटली. पाइप मात्र बाहेरून चांगला दिसत होता, काळा, जाड, कुठे चीर नाही. म्हणून तर तिघांपैकी एकालाही त्याचा संशय आला नव्हता. तुम्ही चाकूने तो उभा चिरलात.

आणि आत न बघताच अण्णांच्या हातात दिलात.

दादा, माझं सगळं लिहिणं या एका क्षणासाठी आहे. तुम्ही आधी स्वतः बघून आम्हाला शिकवू शकला असता. तुम्ही म्हणालात, "अण्णा, बघा. तुम्ही चैत्रापासून हेच सांगत होतात."

आत तारेचं वेटोळं गंजून फुगलं होतं, खपल्या धरल्या होत्या. पाइपाच्या कापलेल्या टोकाकडून पाणी तारेपर्यंत शिरलं आणि गंज आत आत चढत गेला. त्या गंजाने आतलं रबर सुटून कातडीसारखं लोंबत होतं. रेस वाढली की पंप जोराने ओढणार, सुटलेलं रबर आत खेचलं जाणार आणि वाट बंद होणार. रेस कमी केली की वाट मोकळी. अण्णांनी चिरेतून अंगठा फिरवला, गंजाचा लाल भुगा तळहातावर आला. बराच वेळ ते त्या भुग्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं." तुम्ही म्हणालात, "तुमचं कसं चुकेल?"

पुढचं काम तासाभराचं. मला लक्षात राहिलंय ते एवढंच, की खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढून तुम्ही प्रत्येक क्लिपेच्या स्क्रूला लावून बघत होतात. पट्टी स्टीलची असते पण स्क्रू साधा लोखंडी निघतो आणि तोच आधी गंजतो, असं म्हणालात. दोन क्लिपा बाजूला टाकल्यात. पाण्याच्या पातळीखालचा पाइप निसटला तर लाँच बुडते, म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा, स्क्रूची तोंडं उलट दिशांना. शेवटची क्लिप आवळायला पाना अण्णांना दिलात.

हुशार माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतात. पण समोरच्याला त्याच्या कामातलं कळतं, असं धरून चालणारी माणसं मला कमी भेटली. दवाखान्यात, कचेरीत, शाळेत, सगळीकडे आधी गप्प बसवतात आणि मग इलाज करतात. तुम्ही आधी ऐकलंत. अण्णांना पाइप मिळाला, त्याच्याआधी त्यांचा शब्द परत मिळाला. तुम्ही पाइप-क्लिपांचे पैसे आणि एका दिवसाची मजुरी घेतलीत, एक रुपया वर नाही. तेही मला मोठं वाटलं, कारण फुकट केलं असतंत तर अण्णांना ते उपकार वाटले असते.

आता ते रोज सकाळी पूर्ण रेस देऊन मागे जाऊन धार बघतात. परवा मला फोनवर ऐकवली. मी धायरीच्या गॅलरीत उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होते.

चिरलेला पाइप त्यांनी टाकला नाही. पुसून देवळीत ठेवलाय. कोणी विचारलं की उघडून दाखवतात, अगदी सावकाश, तुम्ही दाखवला होता तसा.

दिवाळीनंतर भात निघेल. आईने इंद्रायणीचं एक पोतं तुमच्यासाठी बाजूला काढायचं ठरवलंय, ते मजुरीत धरू नका. वहिनींना आणि मुलांना घेऊन या. पानशेतच्या धक्क्यावर उभे राहा, अण्णा न्यायला येतील.

तुमची,
लाँचवाल्या अण्णांची लेक