दार आधी कुणी लावले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचून राहवले नाही. बांगलादेश पाकिस्तानचा कांदा घ्यायला लागला, हे शेजारधर्माला धरून नाही, असे आपण म्हणता. मग २९ सप्टेंबर २०१९ रोजी, ऐन रविवारी, एका रात्रीत निर्यातबंदी कुणी घातली? त्यानंतर आठवडाभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांसमोर म्हणाल्या की, आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नकोस असे सांगितले आहे. पुढच्या वेळी निदान आधी कळवा. एवढेच त्यांचे मागणे होते. वर्ष भरायच्या आत, १४ सप्टेंबर २०२० ला, आपल्या सरकारने पुन्हा तेच केले आणि भरलेले ट्रक पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमेवर सडत उभे राहिले.

८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी तर मी जन्मात विसरणार नाही. १९८५ साली ढाक्यात याच तारखेला सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची स्थापना झाली होती. नोव्हेंबरअखेरच्या गारपिटीतून वाचलेला लाल कांदा काढून ट्रॅक्टर भरला होता. 'घेऊन या, बघून घेऊ' म्हणणारा व्यापारी सकाळी फोन उचलेना. बाजार समितीत लिलाव बंद. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत टाकून थांबलो असतो. लाल कांदा थांबत नाही. ताडपत्रीखाली वाफ धरली, ट्रॉलीच्या तळाला पाणी सुटले, वास यायला लागला. शेवटी मिळेल त्या भावात देऊन मोकळा झालो. मजुरी भागली, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता राहिला.

बंदी उठली तरी निर्यात शुल्क होतेच; ते पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर ढाक्याचे व्यापारी इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान सगळीकडून माल आणायला शिकले होते. त्यांना दोष कसा द्यायचा? बांगलादेश सरकारही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्या द्राक्षांवरचे आयात शुल्क त्यांनीही वाढवतच नेले.

सार्क देशांतल्या मुक्त व्यापाराचा साफ्टा करार २००६ पासून लागू आहे, सार्कची शिखर परिषद मात्र २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेली नाही. परिषद भरेल तेव्हा भरो. दिल्ली आणि ढाक्याने एवढे तरी लेखी करून घ्यावे: बंदी किंवा शुल्क लावायचे तर महिनाभर आधी सांगायचे आणि सौदा झालेला माल अडवायचा नाही. आम्हाला अनुदान नको, ही तारीख आधी कळू द्या.

जाता जाता आपल्याविषयीही. भाव चढला की पहिल्या पानावर 'कांद्याने रडवले', पडला की आतल्या पानावर चार ओळी. जिल्हा पुरवणीतला बाजारभावांचा रकाना तर जाहिरात आली की गायबच होतो. गावाकडे अंक उघडला की आधी तोच पाहतात. तो कृपया रोज छापावा. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, तिन्ही ठिकाणचा.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक