पत्ते खेळणाऱ्या पोट्ट्यांना आधी नियम सांगा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावात मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ (१९९३ पासूनचा आहे) आता बरेच पोट्टे खेळतात. मागच्या स्पर्धेत एकाकडे सोल वॉर्डन हे कार्ड होतं, दुसरा कुठलाही क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड) टेबलावर आला की सोल वॉर्डनवाल्याला एक लाइफ (जिवाचा पॉइंट) मिळते, ती घ्यायची तो विसरला, समोरचा गप्प बसला, अन् मागून चारजण ओरडले "अबे लाइफ घे ना!" मंग समोरच्यालाच सगळे चीटर म्हणायला लागले. हे साफ चूक आहे.

कॉम्पिटिटिव्ह लेव्हलला, म्हणजे कडक नियमांच्या स्पर्धेत, ज्याचं कार्ड त्यानंच ट्रिगर (काही घडलं की कार्डाचा आपोआप होणारा परिणाम) लक्षात ठेवायचा असतो, समोरच्यावर आठवण द्यायचं बंधन नाही, आणि उशिरा लक्षात आलं तर तो ट्रिगर आता लावायचा की नाही हेही समोरचाच ठरवतो, तेही फार वेळ गेला नसेल तरच. हां, स्वतःचा ट्रिगर नुकसानीचा आहे म्हणून मुद्दाम विसरल्याचं सोंग केलं तर ती चीटिंगच, थेट बाहेर. आणि मागून सांगणं तर चालतच नाही, तिथं खरा दोष ओरडणाऱ्यांचा होता.

माझं म्हणणं एवढंच की गावातल्या स्पर्धा रेग्युलर लेव्हलला, म्हणजे जरा सैल नियमांनी, घ्या. तिथं जज खेळ फार बिघडत नसेल तर सुटलेला ट्रिगर लावून देतो, नवीन पोरं शिकतात. कॉम्पिटिटिव्हच घ्यायची असेल तर पहिल्या राउंडच्या आधी हे मराठीत वाचून दाखवा, आयोजकांना पाच मिनिटंही लागणार नाहीत.

– एक वाचक, जि. यवतमाळ