ईएमटी कोर्सचं प्रॅक्टिकल द्या नाहीतर फी परत करा

मॅनेजर साहेब,

आज सकाळी तुमच्या ऑफिसला सातवा फोन केला, आता परत करणार नाही म्हणून हे लिहितेय. मी तुमच्या ईएमटी कोर्सला आहे, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर पेशंटला तातडीचे उपचार द्यायचं ट्रेनिंग. ४८ हजार भरून घेताना तुमच्याच माणसाने सांगितलं होतं की कॅज्युअल्टीत दोन महिने पोस्टिंग, अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्युटी. सहा महिने झाले, पोस्टिंगचा पत्ता नाही, सर व्हिडिओ लावून बाहेर फोनवर बोलत बसतात.

चाळीस जणांत प्रॅक्टिसला माणसाच्या आकाराची एक डमी आणि तिच्या छातीची स्प्रिंग गेलेली, दाबलं की आत जाते ती वर येतच नाही. सीपीआरला, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबताना, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, ५ ते ६ सेंटिमीटर, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर आली तरच हृदयात परत रक्त भरतं, हे तुमच्याच नोट्समध्ये आहे. मग ते आमच्या हाताला कळणार कसं? पेशंटला हाताने दाबून श्वास द्यायची ती अंबू बॅग, तिचा मास्क फाटलाय, सगळी हवा गालाजवळून निघून जाते.

आता आजच्या फोनचं. मी म्हटलं डमी दुरुस्त करा. मॅडमनी होल्डवर टाकलं, अकरा मिनिटं तेच म्युझिक, मग परत पहिल्यापासून नाव काय, बॅच कुठली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "अगं घरी उशीवर कर ना प्रॅक्टिस, सर्टिफिकेट तर मिळणारच आहे तुला." मी म्हटलं मॅडम, पेशंटची छाती सर्टिफिकेट दाबणार नाही, मी दाबणारे. तर हसल्या. हसल्या हो! वर म्हणतात, "तू काय उद्याच अ‍ॅम्ब्युलन्सवर चढणारेस का?" हो, चढायचंय! आमचं गाव घाटावर आहे, १०८ ला फोन लावला तरी गाडी वर यायला वेळ लागतो, आणि हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून आईने गंठण मोडून पहिला हप्ता भरला, उशी दाबायला नाही.

मामेबहिणीलाही तुमच्याच इथे अ‍ॅडमिशन घे म्हटलं होतं, आज तिला नको म्हणून सांगितलं, फार वाईट वाटलं.

१५ दिवसांत चालू डमी, नवा मास्क आणि पोस्टिंगचं लेटर, पोस्टिंग म्हणजे खरंखुरं कॅज्युअल्टीतलं, नाहीतर पूर्ण फी परत. नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात.

उत्तर लेखी द्या, फोन करू नका.

सकाळच्या बॅचची विद्यार्थिनी