सोलर बसवले, पण पाणी तापते का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालवला तर पुणे महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलत देते, दोन किंवा अधिक चालवले तर 10 टक्के. शहराने स्वतःचा महसूल सोडून लोकांना या कामाला लावावे, हे थोडेथोडके नाही. ही सवलत टिकावी आणि तिचे चीज व्हावे, म्हणून लिहितो आहे.

आमची सोसायटी 32 सदनिकांची. गेल्या दिवाळीनंतर सेक्रेटरीपद माझ्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात मी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो. सोलरच्या 22 काचेच्या नळ्या फुटलेल्या होत्या. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होता, तोही गंजून घट्ट बसलेला. पाइप कापला तर आत क्षारांचा पांढरा थर, करंगळीसुद्धा जाईना. बोअरच्या पाण्याने हे होणारच, वर्षातून एकदा सफाई हवी, असे प्लंबर म्हणाला. चौकशी केल्यावर कळले, सोलर चार वर्षे बंद आहे. प्रत्येकाच्या बाथरूममध्ये गीझर असल्यामुळे कोणी तक्रारच केली नव्हती. त्या चार वर्षांत सवलत मात्र आम्ही घेत राहिलो. ही चूक सर्वस्वी आमची आहे आणि तिची मला लाज वाटते.

दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज जाते. घरटी रोज एकच युनिट आणि पावसाळा व ढगाळ दिवस वगळून वर्षाचे 250 दिवस धरले, तरी आमच्या एका इमारतीत 8 हजार युनिट होतात. आपली बहुतेक वीज अजून कोळशावर बनते, युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला साडेपाच टनांहून अधिक, तेही डोक्यावर लखलखीत ऊन असताना. दुरुस्तीला दर सदनिकेमागे दीड हजार रुपये पडले.

पुण्यात इलेक्ट्रिक बस 2019 मध्ये आल्या, मेट्रो 2022 मध्ये धावली. ती कामे येता-जाता सगळ्यांना दिसतात. गच्चीवर मात्र टाकी भरून वाहू लागल्याशिवाय कोणी चढत नाही.

म्हणून महापालिकेला विनंती आहे की सवलत यंत्रणा बसवल्याबद्दल न देता ती चालू असल्याबद्दल द्यावी. त्यासाठी मोठा खर्च नको. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी नळाखाली थर्मामीटर धरावा, आकडा लिहावा, फोटो काढावा आणि तो मिळकतकराच्या खात्याला जोडावा. बंद आढळले तर लगेच सवलत काढू नये, दुरुस्तीला तीन महिने द्यावेत. क्षेत्रीय कार्यालयात सोलर दुरुस्त करणाऱ्यांची यादी लावली तर फारच बरे. आम्हाला असा माणूस मिळायलाच दीड महिना गेला. महापालिकेची स्वतःची रुग्णालये आणि कार्यालये या तपासणीत पहिल्या दिवसापासून असावीत.

हे आत्ताच व्हायला हवे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान मिळते, त्यामुळे गच्च्यांवर आता वीज बनवणारी सौर पॅनेल चढत आहेत. बांधकामांची धूळ आणि कबुतरांची घाण साचली की त्यांची वीज कमी होते, आणि लिफ्ट चालू असली की ते कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या सोलरचे जे झाले ते या पॅनेलचे होऊ देऊ नये.

आमच्या गच्चीच्या दारामागे आता एक वही टांगली आहे. वॉचमनकाका रोज सकाळी सात वाजता पाण्याचे तापमान तीत लिहितात. महापालिकेच्या कोणाही अधिकाऱ्याने आधी न कळवता यावे आणि ती वही पाहावी.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे