चहाला वीस मिनिटं लावणाऱ्या काकूंना

काकू, साष्टांग नमस्कार.

काल अकरावीचा निकाल लागला. फिजिक्समध्ये पास झाले, तेही बऱ्या मार्कांनी. आईने पेढे दिलेच असतील, पण ते तिच्याकडून. हे माझ्याकडून.

फेकलेला चेंडू तसाच वळून खाली का येतो, हे मी क्लासमध्ये दोनदा विचारलं होतं. सर म्हणाले, "सूत्र पाठ कर, मार्क त्यालाच आहेत." तुमच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचं (समीकरण घातलं की स्क्रीनवर आलेख काढणारा) सांगितलं तर सर हसलेच. "बोर्डात लॉगटेबल चालतं, असली खेळणी नाही." वर्षाची फी आगाऊ घेताना नव्हते हसले!

अमेरिकेतल्या शाळेत शिकवताना वापरलेला तो टीआय-८४ प्लस तुम्ही कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवलात. चेंडूचा वेग सेकंदाला २० मीटर, कोन ३०. समीकरण तीनदा तपासलं. स्क्रीन कोरी. डोळेच भरून आले, म्हटलं इथेही मीच ढ.

तुम्हाला एका नजरेत कळलं असणार. दुसरं कुणी असतं तर हातातून ओढून घेऊन बटणं दाबली असती. तुम्ही नुसतं म्हणालात, "जमिनीखाली बघितलंस का?" आणि चहा टाकायला आत गेलात. एका चहाला वीस मिनिटं? आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता.

मी विंडो, म्हणजे आलेखाचा स्क्रीनवर दिसणारा भाग, शून्याच्या खाली उतरवली, तर रेघ थेट पाताळात चाललेली! मशीन अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच एककावर होतं (मुद्दाम? विचारायचं राहिलं). ३० रेडियनचं टॅन, म्हणजे रेघेचा सुरुवातीचा चढ, उणे ६.४, म्हणजे चेंडू मी जमिनीतच फेकला होता. मोड डिग्रीवर आणला आणि कमान उठली. मग कुणी न सांगता ६० अंश घातले. कमान कितीतरी उंच गेली, पण पडली त्याच जागी, ३५ मीटरच्या किंचित पुढे. मी किंचाळले तेव्हा तुम्ही बाहेर आलात. चहा गार.

पेपरात कॅल्क्युलेटर नव्हताच. पण प्रश्न वाचला आणि आधी ती कमान दिसली, सूत्र मागाहून आलं.

शिकवणारे पुण्यात गल्लोगल्ली पाट्या लावून बसलेत. समोरच्याला निवांत चुकू देणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही. ती वीस मिनिटं आठवली की अजून घसा दाटतो.

कॅल्क्युलेटर आईबरोबर परत पाठवतेय. चार नवे पेन्सिल सेल घातलेत. मोड मात्र पुन्हा रेडियनवर करून ठेवलाय, पुढच्या पोरासाठी.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची